कनातीमागची दाद

आमच्या शहरात मुशायऱ्याचं पोस्टर लागलं की आम्ही सगळ्यात आधी तळाची ओळ वाचतो. वर शायरांची नावं असतात. कोण कुठून येणार, सदारत कुणाची, निजामत कुणाची, हे सगळं ठसठशीत अक्षरांत. आणि अगदी खाली, संयोजकांच्या मोबाइल नंबरांच्या वर, बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : 'ख्वातीन के लिए पर्दे का माकूल इंतजाम है.' ही ओळ असली तर जायचं. नसली तर घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या मोबाइलवर ऐकायचं. इतका साधा हिशेब.

'आम्ही' लिहितो म्हणून वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या घरात 'मैं' म्हणायची रीतच नाही. मालेगावच्या विणकर घरांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेतून, आझमगड-बनारसच्या बाजूने इकडे आले. येताना विणकामाचं कसब आणलं आणि बोलीतलं 'हम'ही आणलं. लहान पोरगीसुद्धा 'हम नहीं जाएंगे' असंच म्हणते. त्यामुळे मराठीत लिहायला बसलो की लेखणीतून 'मी' उतरत नाही. ताई यावरून फार चेष्टा करायच्या. "आपा, तुम्ही एकट्याच आहात ना? मग हे आम्ही-आम्ही कोण?" आता त्यांनाही सवय झाली. या लेखात मात्र पुष्कळ ठिकाणी 'आम्ही' म्हणजे खरोखरच दोघी आहोत.

ताई आमच्या शाळेत मराठी शिकवतात. शाळा उर्दू माध्यमाची, मुलींची. आमच्याकडे उर्दू आणि इतिहास. त्या आम्हाला आपा म्हणतात, आम्ही त्यांना ताई म्हणतो. दोन्ही शब्दांचा अर्थ मोठी बहीण. त्यामुळे दोघींत धाकटं कुणीच नाही आणि भांडणात माघार कुणी घ्यायची, हा प्रश्न अकरा वर्षं तसाच पडून आहे. ताईंचं माहेर बागलाणातलं. घरात अहिराणी. राहायला मोसम नदीच्या पलीकडे. मालेगावात नदीच्या अलीकडे आणि पलीकडे राहणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना एका वाक्यात सांगता येत नाही.

आमचं मराठी सुधारलं ते ताईंमुळे. धुळ्याला बी.एड. करत होतो तेव्हा वर्गात उर्दूवाल्या आम्ही तिघीच. रसग्रहणाच्या पाठाचं टाचण मराठीतून काढायचं म्हटलं की रडू यायचं. नोकरी लागल्यावर ताईंनी एक वही दिली आणि म्हणाल्या, "रोज पाच ओळी लिहा, मी तपासते." त्या पाच ओळींचा हा लेख झाला आहे. तेव्हा यातल्या चुका आमच्या आणि दुरुस्त्या त्यांच्या.

मुशायऱ्याला जायचा हट्ट ताईंचा होता. गझल त्यांना मराठीतून माहीत होती. सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' त्यांनी कॉलेजात असताना वहीत उतरवून घेतली होती. ती वही त्यांनी एकदा आम्हाला दाखवली, तेव्हा आम्ही चाट पडलो. काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे अन्त्ययमक, हे ठीक. पण काफियाच्या आधी जो स्वर सांभाळायचा असतो त्याला अलामत म्हणतात आणि ती चुकली की गझल बिघडते, हे आम्हा उर्दूच्या शिक्षिकेला एका मराठी पुस्तिकेतून कळलं. ताईंनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये अर्धा तास आमची शिकवणी घेतली. शेवटी म्हणाल्या, "सगळं वाचून झालं आपा, पण ऐकलं नाही. समोर बसून कधीच ऐकलं नाही."

आम्ही म्हणालो, "समोर नाही बसता येणार. मागे बसावं लागेल."

"शेवटच्या रांगेत?"

"त्याच्याही मागे."

मागे म्हणजे काय, ते त्यांना कळायला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला.

त्याआधी थोडं जुनं सांगावं लागेल. आमच्या लहानपणी बायकांनी मुशायऱ्याला जायचा प्रश्नच येत नसे, कारण मुशायराच घरी येत असे. मोहल्ल्याच्या मैदानात शामियाना लागायचा आणि चारी दिशांना भोंगे बांधले जायचे. इशाची नमाज झाली, जेवणं उरकली की शायर जमायचे ते फजरच्या अजानपर्यंत. गुरुवारची रात्र असायची. शुक्रवारी माग बंद, म्हणून कुणाला उठायची घाई नाही. आम्ही पोरं दादीबरोबर छतावर. शेजारच्या छतांवरही बायका, गोधड्या, पानाचे डबे, झोपलेली मुलं. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुराण शरीफ ती नाजरा वाचायची, बाकी अक्षर नाही. पण शेरातला एखादा शब्द कमी-जास्त झाला की तिच्या कपाळाला आठी पडायची. शायराने पहिली ओळ म्हटली की ती पान चावायचं थांबायची. दुसरी ओळ आली आणि मनाजोगी आली की जोरात म्हणायची, "हाय, क्या कह दिया मुए ने!" शेजारच्या छतावरून दुसरी कुणी ओरडायची, "बी, फिर से पढ़ रहा है, सुनो!" छताछतांवर बायकांचा एक वेगळाच मुशायरा चालायचा. खाली मैदानात मर्दांच्या वाहवा चालू असायच्या, त्यामुळे वरचं कुणाला ऐकू जायचं नाही. ऐकू जात नाही म्हणूनच त्या इतक्या मोकळ्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी कडक करायला लावली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद. सरकारने वर्षातले ठरावीक दिवस सूट दिली तरी ती रात्री बारापर्यंत. नियम चांगलाच आहे. दहावीच्या मुलींना शिकवणाऱ्या बाईने त्याविरुद्ध काय बोलावं? पण त्याचा एक परिणाम कुणी मोजला नाही. रात्रभर चालणारे मुशायरे बंद सभागृहांत गेले आणि छतावरच्या बायकांचा मुशायरा संपला. मग संयोजकांनीच सभागृहात बायकांसाठी कनात लावायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर ही कनात लागली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. छतावरून भोंगा ऐकण्यापेक्षा त्याच छपराखाली बसून ऐकायला मिळणार होतं. आपण पुढे आलो, असंच वाटलं. काय मागे ठेवून आलो, ते तेव्हा लक्षात आलं नाही.

तर २०२४ च्या जानेवारीतला गुरुवार. थंडी कडक होती. ताई संध्याकाळीच पूल ओलांडून आमच्या घरी आल्या. हिरवी साडी, शाल, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. अम्मींनी त्यांना खिचडा खाऊ घातला. म्हणजे गोश्त न घातलेला, त्यांच्यासाठी वेगळा शिजवलेला. आमचे शौहर रिक्षा घेऊन आले आणि आम्हा दोघींना बायकांच्या दाराशी सोडून स्वतः पुढच्या दाराने आत गेले.

बायकांचं दार मागच्या बाजूला होतं. जिना चढून गेलं की सभागृहाचा एक कोपरा कापडाने तोडलेला. जाड, मरून रंगाची कनात. तिच्या पलीकडे उजेड, अलीकडे दोन ट्यूबलाइट. भिंतीवर एक टीव्ही लावला होता, त्यावर स्टेज दिसायचं. चित्र आवाजाच्या मागून यायचं, त्यामुळे शायर आधी बोलायचा आणि त्याचे ओठ नंतर हलायचे. ताई थोडा वेळ टीव्हीकडे, थोडा वेळ कनातीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आपा, माणसं इथंच आहेत ना? मग आपण टीव्ही कशाला बघतोय?"

आम्ही उत्तर दिलं नाही. जाजम चांगलं जाड होतं, चहाची सोय होती, लहान मुलांसाठी कोपरा होता. इंतजाम माकूलच होता, त्यात खोट काढता येणार नाही.

दीडशे-दोनशे बायका असतील. शिक्षिका थोड्याच. बाकी सगळ्या घरोघरच्या. दिवसभर कांड्या भरणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेल्या सात-आठ जणी, कडेवर मुलं घेऊन. त्यांनी सलाम केला आणि ताईंना बघून तोंडावर ओढणी धरून हसल्या. "मराठी टीचर भी आई हैं!" एकीने ताईंसाठी भिंतीला टेकायची जागा करून दिली.

त्यातल्या एकीला आम्ही चांगलं ओळखत होतो. बैतबाजीत तिने एका वर्षी तालुक्यातल्या शाळा हरवल्या होत्या. बैतबाजी म्हणजे शेरांच्या भेंड्या. समोरच्याचा शेर ज्या अक्षरावर संपला, त्या अक्षराने सुरू होणारा शेर आपण म्हणायचा. 'ये'वर संपणारे शेर भरपूर, म्हणून 'ये'चा साठा जिच्याकडे जास्त ती जिंकते. या मुलीकडे नुसत्या 'ये'चे दोन-अडीचशे शेर होते. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि माइक नसताना तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आता मांडीवर झोपलेल्या बाळाला थोपटत बसली होती.

मुशायरा दहाच्या पुढे सुरू झाला. आधी नात, मग गावातले नवे शायर. नाजिम बोलण्यात तयार होता. एकाचं नाव पुकारायचं, त्याची थट्टा करायची, लगेच त्याची तारीफ करायची. मर्दांची बाजू पहिला तासभर निर्दय असते. कच्चा शायर दिसला की टाळ्या वाजवून, 'शुक्रिया, शुक्रिया' म्हणून त्याला खाली बसवतात. ताईंना वाईट वाटलं. आम्ही म्हटलं, हेही शिक्षणच आहे. मालेगावच्या श्रोत्याला फसवणं सोपं नाही. समोर बसलेला माणूस दिवसभर मागावर उभा असतो. धागा कुठे तुटला हे त्याला न बघता कळतं, तसंच शेराचंही.

मग बाहेरून आलेल्या एक शायरा उठल्या. त्यांनी तरन्नुममध्ये, म्हणजे चालीत गझल म्हटली. गळा सुरेख होता, शेरही हलके नव्हते. पलीकडे वाहवांचा नुसता पाऊस पडला. 'मुकर्रर, मुकर्रर' म्हणत एकेक ओळ चार चार वेळा म्हणायला लावली. ताई ऐकत होत्या. गझल संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या बाईंचा आवाज चालतो ना सगळ्यांना?"

"शायरा आहेत. दावत देऊन बोलावलंय."

"नाही, मी आपलं विचारते. बाई बोलली तर चालते. ऐकणारी बाई बोलली तर?"

हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता असं नाही. पण आम्ही तो कनातीसारखा मध्ये लावून त्याच्या मागे बसायला शिकलो होतो.

बारा वाजून गेले होते. एक मध्यम वयाचे शायर माइकवर आले. चाल नाही, हातवारे नाहीत. तहतमध्ये, साध्या बोलण्यात म्हणत होते. गझलेचे काफिये होते बाजू, आंसू, जादू, खुशबू. मतला झाला, दोन शेर झाले. उर्दू शब्द अडला की ताई कोपराने ढोसायच्या आणि आम्ही कानात अर्थ सांगायचो. पण हळूहळू ढोसणं कमी होत गेलं.

मग त्यांनी एका शेराची पहिली ओळ म्हटली. शेर इथे देत नाही, तो त्यांचा आहे. मतलब एवढाच : मुलगी लग्न होऊन गेली आणि तिच्या शाळेच्या वह्या घरच्यांनी रद्दीत काढल्या. त्यांनी ओळ पुन्हा म्हटली. पलीकडे मर्दांनी ती उचलून धरली. मुशायऱ्यात याला मिसरा उठाना म्हणतात. ऐकणाऱ्यांनी ओळ परत म्हणायची, म्हणजे शायराला दम मिळतो आणि दुसऱ्या ओळीची वाट बघण्यात मजा येते. दुसऱ्या ओळीत काफिया काय येणार, हे प्रत्येक जण मनात जुळवत असतो.

आणि कनातीच्या अलीकडे कुजबुज झाली. बाळाला थोपटणाऱ्या त्या मुलीने ओठ न हलवल्यासारखं म्हटलं, "तराजू." तिच्या शेजारची म्हणाली, "हां, तराजू." मागून आणखी दोघी-तिघी. शायराने दुसरी ओळ म्हटली तेव्हा मुलीचं सुंदर अक्षर तराजूत पडलं होतं आणि रद्दीवाल्याने कागदाचाच भाव दिला होता.

पलीकडे सभागृह उसळलं. अलीकडे दोनशे बायका मान हलवत होत्या. एक-दोघींनी डोळे पुसले. आवाज कुणाचाच नाही. आणि तेवढ्यात आमच्या शेजारून, पोटातून आलेल्या आवाजात, पहिल्या ओळीला बसलेल्या माणसालाही ऐकू जावं अशी दाद गेली :

"वाह! वाह! परत म्हणा हो, परत!"

ताई होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना आपण कुठे बसलो आहोत याचं भान नव्हतं.

त्या क्षणी आम्ही काय केलं ते लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. आम्ही ताईंचं मनगट पकडलं. पकडलं नाही, आवळलं. वर्गात पोरीने साहेबांसमोर काही भलतं बोललं तर जसं आवळतो, तसं. काच तडकल्याचा आवाज झाला. तो आवाज ताईंच्या दादेपेक्षा आम्हाला मोठा वाटला.

माइकवर क्षणभर शांतता होती. मग शायरांचा आवाज आला, हसरा : "पर्दे के पीछे से दाद आई है, और मराठी में आई है. अब तो ये शेर दोबारा पढ़ना फर्ज हो गया." मर्द हसले, टाळ्या वाजल्या. त्यांनी शेर पुन्हा म्हटला, आधीपेक्षा सावकाश, आणि आम्हाला वाटतं कनातीकडे तोंड करून. टीव्हीवर ते उशिरा वळलेले दिसले.

अलीकडे पोरी ओढण्या तोंडात कोंबून हसत होत्या. एक वयस्क बीबी म्हणाल्या, "अच्छा किया बेटी." लगेच व्यवस्था बघणारी एक बाई आमच्याकडे आली. रागावली नाही, अगदी नरमाईने म्हणाली, "बाजी, आवाज बाहर जा रही है." आम्ही तिची माफी मागितली. ताईंच्या वतीने, ताईंना न विचारता.

मुशायरा एकच्या पुढे संपला. रिक्षात बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शौहर चालवत होते. पुलाजवळच्या हॉटेलपाशी त्यांनी रिक्षा थांबवली आणि चहा आतच मागवला. मग आरशातून बघत म्हणाले, "ताई, वो आप ही थीं ना?" ताई लाजल्या. "जी. चूक झाली माझी." ते म्हणाले, "चूक? आमच्याकडे सगळे विचारत होते, ये कौन कद्रदान है." आणि मग सहज, ग्लासात फुंकर घालत, आम्हाला विचारलं, "और तुम? तुम्हें तो ये शेर बहुत पसंद आया होगा. तुम कुछ नहीं बोलीं?"

या माणसाबरोबर बारा वर्षं संसार झाला. आपला आवाज त्यांना पलीकडे ऐकू आला तर त्यांना काय वाटेल, याच धास्तीने आम्ही गप्प बसत आलो होतो. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

ताईंनी शालीतून हात बाहेर काढला. मनगटावर बारीक लाल रेघ होती. "एक बांगडी वाढली," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हा शब्द त्यांनीच आम्हाला शिकवला होता. आम्हाला काय बोलावं कळेना. "ताई, आम्हाला माफ करा."

"माफीचं काय? दाबलात ते दाबलात. पण आपा, मला एक सांगा. तुम्ही माझा हात दाबलात की तुमचा?"

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा. गावात कीर्तनाला बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मधून वाट. पुढे बाप्येच. कापड नसतं एवढंच. पण विठ्ठल-विठ्ठल म्हणायची वेळ आली की सगळ्यांनी म्हणायचं. तिथं कुणी म्हणत नाही, बाईचा आवाज बाहेर चाललाय."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. इतिहास शिकवतो, त्यामुळे डोकं जुन्या गोष्टींत फिरत राहिलं. हैदराबादच्या महलका बाई चंदा आठवल्या. १७९८ मध्ये त्यांच्या सव्वाशे गझलांचा दीवान तयार झाला होता. निजामाच्या दरबारात त्यांना मान होता. पण त्या दरबारातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या होत्या, म्हणून त्यांना बोलता आलं. शरीफ घरच्या बायकांची शराफत त्यांच्या गप्प राहण्यावर मोजली गेली. दोनशे वर्षांत शायरांच्या रांगेत बायका आल्या, मानाने आल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. मोजमाप बदललं नाही ते ऐकणाऱ्यांच्या रांगेचं. कुणी म्हणेल, हा धर्माचा प्रश्न आहे. आम्ही आलिमा नाही. एवढं मात्र शाळेत शिकलो आहोत की हजरत आयशांकडे मोठमोठे सहाबा मसले विचारायला यायचे आणि त्या पडद्याआडून उत्तर द्यायच्या. पडदा होता आणि आवाजही होता. आम्ही पडदा ठेवला आणि आवाज काढून टाकला.

आणि मुशायरा म्हणजे नुसतं कवितावाचन नाही. तिथे निम्मं काम ऐकणाऱ्याचं असतं. ओळ उचलायची, काफिया ओळखायचा, मुकर्रर म्हणायचं. शायर कुठला शेर पुढे म्हणेल आणि कुठला गाळेल, हे समोरच्या वाहवेवर ठरतं. म्हणजे उर्दूत कोणता शेर जगला आणि कोणता मेला, या निवाड्यात आमचं मत कधी धरलंच गेलं नाही. 'तराजू' आधी ओळखला होता तो आमच्या बाजूने. पलीकडे त्याची खबरही नाही.

शनिवारी नववीच्या वर्गात गेलो. फळ्यावर लिहिलं, 'दाद'. विचारलं, म्हणजे काय? व्याख्या सगळ्यांना पाठ. मग म्हटलं, आम्ही एक शेर म्हणतो, तुम्ही दाद द्या. शेर म्हटला. वर्ग चिडीचूप. मग खुसफुस, मग हसू. एक पोरगी म्हणाली, "मिस, शरम आती है." दुसरी म्हणाली, "मिस, आपने ही तो गॅदरिंगमध्ये सांगितलं होतं, फक्त टाळ्या वाजवा, मुंह से आवाज नहीं."

सांगितलं होतं. पाहुणे आले होते, म्हणून सांगितलं होतं. कनात सभागृहात नंतर लागली. आमच्या शाळेत ती आम्हीच आधी लावली होती, विनाकापडाची.

आम्ही विचारलं, "घरी कशा बोलता? हळू?" मागच्या बाकावरची मुलगी हसली. तिच्या घरात खाली माग आणि वर कांडीचं मशीन. "घरी तो मिस, ओरडूनच बोलावं लागतं. मशीन में सुनाई कहां देता है." सगळा वर्ग हसला, कारण सगळ्यांच्या घरी तेच. ज्या घरांतल्या बायका मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून आयुष्य काढतात, त्याच बायका कनातीआड ओठ न हलवता काफिया म्हणतात.

त्या दिवसापासून बैतबाजीच्या तासाला आम्ही एक नियम केला. शेर म्हणणारीला गुण, आणि ऐकून वेळेवर, मोकळ्या आवाजात दाद देणारीलाही गुण. पहिले दोन आठवडे पोरी 'वाह' असं म्हणायच्या जसं काही फळ्यावर लिहिलेलं वाचतायत. आता शेजारच्या वर्गातून तक्रार येते. मुख्याध्यापिकांनी एकदा दारातून डोकावलं, काय चाललंय म्हणून. ताई तिथेच होत्या. म्हणाल्या, "श्रवण कौशल्य, मॅडम." बी.एड.चं कधी नव्हे ते काम पडलं.

राहिली बांगडीची गोष्ट. त्याच आठवड्यात आम्ही मणियाराकडून हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या आणल्या आणि स्टाफरूममध्ये ताईंच्या पुढे ठेवल्या. त्यांनी कागद उघडून बघितल्या, रंग मिळतो का ते पाहिलं आणि परत गुंडाळून आमच्या हातात दिल्या. "या तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या मुशायऱ्यात तुम्ही एक दाद द्या, मग घेईन."

पुढचा मुशायरा यायला वर्ष गेलं. २०२५ च्या थंडीत पोस्टर लागलं. तळाला तीच ओळ. आम्ही दोघी गेलो. तीच मरून कनात, तोच टीव्ही, चित्र तसंच आवाजाच्या मागे. या वेळी आमच्या शाळेच्या तीन-चार मुली आपापल्या आयांबरोबर आल्या होत्या. रात्री एकाच्या सुमाराला एक शेर असा आला की आमच्या छातीत काहीतरी हललं. दादी छतावर पान चावायची थांबली, असंच वाटलं. ताईंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही तोंड उघडलं.

आवाज निघाला. पण ताईंच्या कानापर्यंतच पोहोचला असेल, फार तर त्यांच्या पलीकडच्या बीबींपर्यंत. कनातीपर्यंतही नाही.

दुसऱ्या वेळी प्रयत्न करेपर्यंत शेर पुढे निघून गेला होता.

बांगड्यांचा पुडा पर्समध्येच होता. येताना रिक्षात आम्ही तो काढला. ताईंनी त्यातून मोजून दोन बांगड्या घेतल्या, हातात चढवल्या आणि बाकीच्या परत दिल्या.

"हे व्याज झालं," त्या म्हणाल्या. "मुद्दल बाकी आहे."